वेब प्रकल्पांत फॉरमॅटिंग आणि लिंटिंग एका धाग्यात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, सीएसएस आणि एचटीएमएलच्या प्रकल्पांत काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॉरमॅटर आणि लिंटर यांत नेमका फरक काय? दोन्ही कोड ‘नीट’च करतात ना?

फॉरमॅटर कोड कसा दिसतो ते पाहतो: ओळ कुठे मोडायची, किती आत सरकवायची, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी. कोडचा अर्थ न बदलता तो पूर्ण फाइल पुन्हा लिहून काढतो. लिंटर कोड काय करतो ते पाहतो: व्हेरिएबल घोषित केलं पण वापरलं नाही, प्रॉमिससमोर ‘अवेट’ राहून गेलं, रिअॅक्टचा हुक अटीच्या आत बोलावला, चित्राला पर्यायी मजकूर नाही.

फॉरमॅटरच्या बाबतीत वादाला जागा नसते. तो चालवला की काम संपलं. लिंटरच्या इशाऱ्यावर मात्र माणसाला विचार करावा लागतो, कारण तिथे खरोखर बग असू शकतो. हा फरक टीममधल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्का बसला की पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत.

२. एकीकरण म्हणजे सगळीकडे एकच टूल वापरायचं, असंच ना?

तसं करता येतं, पण गरजेचं नाही. गरजेचं एवढंच की प्रत्येक निर्णयाला एकच मालक असावा. ओळीची लांबी प्रीटिअर (फॉरमॅटर) ठरवणार असेल तर ईएसलिंटने (जावास्क्रिप्टचा लिंटर), स्टाइललिंटने (सीएसएसचा लिंटर) आणि कुणाच्या एडिटरच्या सेटिंगने त्यात तोंड घालू नये. तीन टूल्स असूनही त्यांच्या हद्दी स्पष्ट असतील तर प्रकल्प एकसंध राहतो. उलट एकच टूल आहे, पण त्याच्या कॉन्फिगच्या (सेटिंग्जच्या फाइलीच्या) चार प्रती चार फोल्डरमध्ये वेगवेगळ्या झाल्या आहेत, तर गोंधळ कायम राहतो.

नवा प्रकल्प हाती घेताना मी आधी कागदावर एवढंच लिहितो: कोडचं रूप कोण ठरवणार, चुका कोण पकडणार, इम्पोर्टचा क्रम कोण लावणार, टाइप कोण तपासणार. प्रत्येकासमोर एकच नाव. टूल निवडायचं ते त्यानंतर.

३. इतकी टूल्स झालीच कशी? एक चांगलं टूल पुरलं नसतं का?

‘लिंट’ हे मूळ टूल स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सी भाषेसाठी लिहिलं. जावास्क्रिप्टच्या जगात डग्लस क्रॉकफर्ड यांचं जेएसलिंट २००२ मध्ये आलं. त्याचे नियम फार कडक आणि बदलता न येणारे वाटले म्हणून २०११ मध्ये त्यातून जेएसहिंट फुटून निघालं. निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये ईएसलिंट सुरू केलं. त्यात प्रत्येक नियम म्हणजे एक सुटा, बदलता येणारा भाग होता. ही रचना लोकांना पटली. कोडशैली तपासणारं जेएससीएस २०१६ मध्ये ईएसलिंटमध्ये सामील झालं आणि टाइपस्क्रिप्टसाठीचं टीएसलिंट २०१९ मध्ये निवृत्तीच्या वाटेला लागलं.

या सगळ्या काळात लिंटरच शैलीही तपासत होते. जेम्स लाँग यांनी जानेवारी २०१७ मध्ये प्रीटिअर आणलं तेव्हा ते चित्र बदललं. प्रीटिअर नियम मोडल्याची तक्रार करत बसत नाही, तो पूर्ण कोड वाचून स्वतःच्या पद्धतीने छापतो. मग लिंटरमधले शैलीचे शेकडो नियम ओझं ठरू लागले. ईएसलिंटने २०२३ च्या अखेरीस ८.५३ या आवृत्तीत आपले फॉरमॅटिंगचे नियम कालबाह्य ठरवले आणि ते ‘ईएसलिंट स्टायलिस्टिक’ या वेगळ्या प्रकल्पात गेले. स्टाइललिंटनेही आवृत्ती १५ मध्ये तेच केलं आणि १६ मध्ये ते नियम काढूनच टाकले.

म्हणजे टूल्स स्वतःच आपापल्या हद्दी आखत आली आहेत. तुमच्या कॉन्फिगमध्ये २०१६ सालचे शैलीचे नियम अजून असतील तर ते काढून टाकणं ही एकीकरणाची सर्वांत स्वस्त पायरी आहे.

४. फाइल सेव्ह केली की कोड एकदा असा, एकदा तसा होतो. ईएसलिंट आणि प्रीटिअर एकमेकांशी भांडतात. काय करू?

प्रश्नपेटीतला हा सर्वांत जुना प्रश्न. दोघेही एकाच गोष्टीचे मालक असल्याचं हे लक्षण. ईएसलिंटच्या ‘इंडेंट’ नियमाला एक रचना हवी असते, प्रीटिअरला दुसरी, आणि सेव्ह करताना दोघे एकामागून एक चालतात.

उपाय म्हणजे ‘ईएसलिंट-कॉन्फिग-प्रीटिअर’ हे पॅकेज. ते काहीही चालू करत नाही, प्रीटिअरशी टक्कर होईल असे सगळे नियम फक्त बंद करतं. कॉन्फिगच्या यादीत ते सर्वांत शेवटी हवं. त्याच्यानंतर दुसरा कुठला संच आला तर बंद केलेले नियम पुन्हा चालू होतात. बहुतेक तक्रारी इथेच सुटतात. तरीही टक्कर राहिली तर कुणीतरी हाताने लिहिलेला नियम शिल्लक आहे असं समजा. याच पॅकेजसोबत एक छोटी आज्ञा येते, तिला एखादी फाइल दिली की त्या फाइलला लागू होणारे टक्कर देणारे नियम ती दाखवते.

नावात साम्य असलेलं ‘ईएसलिंट-प्लगइन-प्रीटिअर’ वेगळं आहे. ते प्रीटिअरलाच ईएसलिंटचा एक नियम बनवून चालवतं. त्यामुळे प्रत्येक चुकलेल्या स्पेसखाली एडिटरमध्ये लाल रेघ उमटते आणि वेगही कमी होतो. प्रीटिअरचे कर्तेही सहसा ते सुचवत नाहीत. लाल रेघेला काही किंमत राहायची असेल तर ती खऱ्या चुकांसाठीच राखून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

५. बायोम घ्यावं की ईएसलिंट आणि प्रीटिअरची जोडी ठेवावी?

बायोम हे रस्ट भाषेत लिहिलेलं, फॉरमॅटर आणि लिंटर एकाच प्रोग्राममध्ये देणारं टूल. बेबेलचे कर्ते सबॅस्टियन मॅकेन्झी यांनी सुरू केलेल्या ‘रोम’ प्रकल्पातून २०२३ मध्ये ते जन्माला आलं. त्याच वर्षी प्रीटिअरच्या बाजूने एक आव्हान जाहीर झालं होतं: प्रीटिअरच्या जावास्क्रिप्ट चाचण्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पार करणारा रस्टमधला फॉरमॅटर बनवा. बायोमने ते जिंकलं. आता प्रीटिअरशी ९७ टक्के सुसंगत असल्याचं बायोम स्वतः सांगतं.

त्याचं बळ तीन गोष्टींत आहे. वेग, एकच कॉन्फिग फाइल, आणि एकच पॅकेज. ईएसलिंटसोबत येणारी प्लगइनची लांबलचक यादी आणि त्यांच्या आवृत्त्या जुळवण्याची कसरत उरत नाही. शिवाय ईएसलिंटचं आणि प्रीटिअरचं कॉन्फिग वाचून स्वतःचं तयार करणाऱ्या ‘मायग्रेट’ आज्ञा त्यात आहेत.

मर्यादा त्याच्या व्याप्तीत आहेत. प्रकल्पात मार्कडाउन, यामल किंवा सॅसच्या फाइली भरपूर असतील तर प्रीटिअरची गरज राहते. व्ह्यू, स्वेल्ट आणि अॅस्ट्रोचा आधार आवृत्तीगणिक वाढत गेला आहे, तेव्हा तुमच्या आवृत्तीचा दस्तऐवज बघूनच ठरवा. एखाद्या खास चौकटीचं ईएसलिंट प्लगइन तुमच्यासाठी जीव की प्राण असेल, तर बायोममध्ये त्याला पर्याय आहे का ते नियमागणिक तपासा. टाइपच्या माहितीवर चालणाऱ्या नियमांबद्दल प्रश्न १७ पाहा.

माझं मत विचाराल तर: जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट आणि रिअॅक्ट एवढंच असलेल्या नव्या प्रकल्पासाठी बायोमने सुरुवात करा. जुना प्रकल्प ईएसलिंटवर नीट चालला असेल आणि तपासणीच्या वेळाबद्दल कुणाची तक्रार नसेल, तर केवळ नवं आहे म्हणून बदलू नका. मधला मार्गही आहे. २०२५ मध्ये १.० आवृत्ती गाठलेलं ऑक्सलिंट हे वेगवान लिंटर ईएसलिंटच्या आधी चालवायचं आणि दोघांत समान असलेले नियम ‘ईएसलिंट-प्लगइन-ऑक्सलिंट’ने ईएसलिंटमध्ये बंद करायचे. मोठ्या प्रकल्पात याने बराच वेळ वाचतो. मात्र टूल एकाने वाढतं, म्हणून प्रश्न २ मधला कागद पुन्हा काढावा लागतो.

६. प्रीटिअर असताना एडिटरकॉन्फिगची फाइल कशाला?

प्रीटिअरला न कळणाऱ्या फाइलीही रेपोमध्ये (प्रकल्पाच्या गिटमधल्या साठ्यात) असतात: शेल स्क्रिप्ट, डॉकरफाइल, एनव्हायर्नमेंटच्या फाइली. त्या लिहिताना टॅब पडणार की स्पेस, ओळीच्या शेवटी कोणतं चिन्ह येणार, हे एडिटरकॉन्फिग ठरवतं. अनेक एडिटर ते आपोआप वाचतात, काहींना छोटं प्लगइन लागतं.

प्रीटिअरही ती फाइल वाचतं. म्हणून इंडेंटची रुंदी आणि ओळीची लांबी एकदाच, एडिटरकॉन्फिगमध्ये लिहा. प्रीटिअरच्या कॉन्फिगमध्ये तेच पुन्हा लिहू नका. दोन्हीकडे लिहिलंत तर प्रीटिअरचं कॉन्फिग वरचढ ठरतं, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी एडिटरकॉन्फिग बदलून काही फरक का पडत नाही म्हणून शोधत बसतं.

७. टॅब की स्पेस, सेमिकोलन हवा की नको, यावर आमची टीम अडून बसली आहे. कसं ठरवायचं?

डिफॉल्ट घ्या आणि पुढे चला. प्रीटिअरमध्ये पर्याय मुद्दामच मोजके ठेवले आहेत. प्रत्येक वाढीव पर्याय म्हणजे एक नवी बैठक, हे त्याच्या कर्त्यांनी ओळखलं होतं.

एक अपवाद मात्र मनापासून विचारात घ्या. टॅब वापरला तर प्रत्येकाला आपल्या एडिटरमध्ये त्याची रुंदी हवी तेवढी ठेवता येते. कमी दिसणाऱ्या व्यक्ती अक्षरं खूप मोठी करून वाचतात, काही जण ब्रेल डिस्प्लेवर कोड वाचतात. त्यांच्यासाठी चार-चार स्पेसची रांग हा खरा अडथळा असतो. बायोमचं डिफॉल्ट टॅब आहे ते याच कारणाने. प्रीटिअरचं डिफॉल्ट दोन स्पेस आहे, पण टॅबचा पर्याय एका ओळीत चालू होतो. टीममध्ये अशी गरज असलेली एक जरी व्यक्ती असेल तर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही.

सेमिकोलन काढायचे ठरवलेत तरी घाबरायचं कारण नाही. कंसाने किंवा चौकटी कंसाने सुरू होणारी ओळ आधीच्या ओळीला चिकटण्याचा धोका असतो. तिथे प्रीटिअर त्या ओळीच्या सुरुवातीलाच सेमिकोलन घालतं.

८. प्रीटिअर सगळ्यांकडे चालू आहे, कॉन्फिग एक आहे, तरी दोघांचा कोड वेगळा दिसतो. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. प्रीटिअर मूळ मांडणीच्या काही खुणा जपतं. सर्वांत ठळक उदाहरण ऑब्जेक्टचं. उघडणारा महिरपी कंस आणि पहिली की यांच्यामध्ये तुम्ही नवी ओळ दिली असेल, तर ऑब्जेक्ट एका ओळीत मावत असूनही प्रीटिअर तो अनेक ओळींवरच ठेवतं. सहकाऱ्याने तोच ऑब्जेक्ट एका ओळीत लिहिला तर तो एका ओळीतच राहतो. हे नको असेल तर प्रीटिअर ३.५ पासून ‘ऑब्जेक्टरॅप’ हा पर्याय आहे. तो ‘कोलॅप्स’वर ठेवला की मावेल ते एका ओळीत येतं.

मधल्या रिकाम्या ओळीही तशाच राहतात, फक्त अनेक असतील तर एक होते. कॉमेंटचा मजकूर आणि लांब स्ट्रिंग यांना प्रीटिअर हात लावत नाही. म्हणूनच ८० ही रुंदी ठेवूनही एखादी ओळ १२० अक्षरांची सापडते. ती रुंदी कमाल मर्यादा नसून ओळ कुठे मोडावी याचा अंदाज आहे.

९. माझ्या मशीनवर तपासणी पास होते, सीआयवर (कोड पाठवल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) नापास. शोधायचं कुठे?

आधी आवृत्ती पाहा. फॉरमॅटरच्या अगदी लहान आवृत्तीबदलातही कोडचं रूप किंचित बदलू शकतं, म्हणून त्याची आवृत्ती नेमकी लिहा, पुढे कॅरेट चिन्ह (^, म्हणजे ‘यापुढची आवृत्तीही चालेल’) नको. प्रीटिअरचा दस्तऐवजही हेच सांगतो. एडिटरच्या एक्स्टेन्शनमध्ये स्वतःची वेगळी प्रत असते. प्रकल्पात पॅकेज बसवलेलं नसेल तर ती वापरली जाते आणि फरक तिथून सुरू होतो.

दुसरा संशयित व्हीएस कोडची वैयक्तिक सेटिंग्ज. प्रकल्पात प्रीटिअरची कॉन्फिग फाइलच नसेल तर एक्स्टेन्शन तुमच्या एडिटरमधली सेटिंग्ज लावतं, पण कमांड लाइनवरचं प्रीटिअर ती वाचत नाही. म्हणून सगळं डिफॉल्ट हवं असलं तरी एक रिकामी कॉन्फिग फाइल रेपोमध्ये ठेवा.

प्रत्येक फाइल, तीही जवळजवळ पूर्ण, चुकीची दाखवली जात असेल तर ओळीच्या शेवटाकडे वळा. विंडोजवर गिट अनेकदा फाइली काढताना ओळीचे शेवट बदलतं आणि प्रीटिअरला आवृत्ती २ पासून युनिक्स पद्धतीचा शेवट हवा असतो. गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये सगळ्या मजकूर फाइलींसाठी ‘एलएफ’ ठरवून टाका आणि एकदा ‘गिट अॅड’ ‘रीनॉर्मलाइज’ पर्यायासह चालवा. प्रीटिअरमध्ये ‘ऑटो’ ठेवून हा प्रश्न झाकता येतो, पण तो सुटत नाही.

१०. तपासणी नक्की कुठे ठेवायची: एडिटर, कमिटचा हुक की सीआय?

तिन्हीकडे, पण अधिकार एकट्या सीआयला. एडिटरमधलं ‘सेव्ह करताना फॉरमॅट’ ही सोय आहे, कमिट हुक (कमिट करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) ही आठवण आहे. हुक कुणीही ‘नो-व्हेरिफाय’ लावून ओलांडू शकतं, आणि कधीकधी ते योग्यही असतं. रात्री अर्धवट काम साठवून ठेवायचं असेल तर लिंटरने अडवू नये.

हुकमध्ये पूर्ण प्रकल्प तपासू नका. हस्की किंवा लेफ्टहुक या हुक बसवणाऱ्या टूलच्या जोडीला लिंट-स्टेज्ड वापरलं की कमिटमध्ये येणाऱ्या फाइलीच तपासल्या जातात. हुक काही सेकंदांपलीकडे रेंगाळला की लोक तो बंद करतात.

सीआयवर फॉरमॅटर ‘चेक’ स्वरूपात चालवा, लिहिण्याच्या स्वरूपात नव्हे. बायोममध्ये यासाठी ‘सीआय’ नावाची वेगळी आज्ञाच आहे. ईएसलिंटला ‘मॅक्स-वॉर्निंग्ज’ शून्य द्या. जो इशारा कुणीच पाळत नाही तो एकतर चूक म्हणून जाहीर करा किंवा काढून टाका. पिवळ्या इशाऱ्यांच्या ढिगात खरी चूक दिसेनाशी होते.

व्हीएस कोड वापरणारी टीम असेल तर सुचवलेली एक्स्टेन्शन्स आणि भाषागणिक डिफॉल्ट फॉरमॅटर रेपोमधल्या सेटिंग्ज फाइलीत लिहून ठेवा. एकाच भाषेला दोन फॉरमॅटर उपलब्ध असले की प्रत्येक जण वेगळा निवडतो.

११. जुना, मोठा प्रकल्प आहे. सगळ्या फाइली एकदम फॉरमॅट केल्या तर गिटचा इतिहास खराब होईल ना?

एकदम करा. ‘ज्या फाइलीला हात लागेल ती फॉरमॅट करू’ हे ऐकायला समंजस वाटतं, पण त्यात प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याच्या विनंतीत) खरा बदल आणि मांडणीचा बदल मिसळतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याचे डोळे दुखतात. शिवाय अर्ध्या फाइली वर्षानुवर्षं तशाच राहतात.

क्रम असा ठेवा. आधी कॉन्फिग, दुर्लक्षित फाइलींची यादी आणि आवृत्त्या यांचं एक कमिट. मग केवळ यंत्राने केलेल्या फॉरमॅटचं दुसरं कमिट, त्यात हाताने केलेला एकही बदल नको. या दुसऱ्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज’ नावाच्या फाइलीत लिहा. मग कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा ते कमिट वगळते. गिटमध्ये ही सोय २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. गिटहब रेपोच्या मुळाशी असलेली ही फाइल आपोआप वाचतं. आपल्या मशीनवर मात्र ‘ब्लेम.इग्नोररेव्हजफाइल’ ही सेटिंग एकदा द्यावी लागते. ती जागतिक सेटिंग म्हणून देऊ नका, कारण ज्या रेपोमध्ये ही फाइल नसते तिथे ‘गिट ब्लेम’ चूक दाखवून थांबतं.

एक बारीक अडचण: पुल रिक्वेस्ट ‘स्क्वॉश’ करून मर्ज केली तर कमिटचा हॅश बदलतो. म्हणून मुख्य ब्रँचवर पोहोचल्यानंतरचाच हॅश त्या फाइलीत लिहा, आणि तो वेगळ्या कमिटने. स्क्वॉशमध्ये वरची दोन कमिट एक होऊन जातात, तेव्हा ती दोन वेगळ्या पुल रिक्वेस्टमधून पाठवा.

१२. सगळं फॉरमॅट केल्यावर आधीपासून चालू असलेल्या ब्रँचमध्ये शेकडो कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीतले न जुळणारे बदल) येतात. त्यांचं काय?

ते हाताने सोडवू नका, यंत्राकडून सोडवून घ्या. आपल्या ब्रँचवर येऊन फॉरमॅट कमिटच्या लगेच आधीचं कमिट मर्ज करा. इथपर्यंत कॉन्फ्लिक्ट आलेच तर ते नेहमीचे, खरे असतील. प्रश्न ११ मधल्या क्रमामुळे कॉन्फिगही आता तुमच्या ब्रँचमध्ये आलं आहे. पॅकेजेस पुन्हा बसवून पूर्ण प्रकल्पावर फॉरमॅटर चालवा आणि कमिट करा. मग फॉरमॅट कमिट ‘अवर्स’ या स्ट्रॅटेजीने मर्ज करा. त्यात जे होतं ते तुमच्याकडे आधीच झालेलं आहे, म्हणून आपली बाजू जशीच्या तशी ठेवणं योग्य ठरतं. शेवटी मुख्य ब्रँच नेहमीसारखी मर्ज करा.

इथे ‘अवर्स’ स्ट्रॅटेजी हवी, त्याच नावाचा मर्जचा पर्याय नव्हे. दोन्ही वेगळे आहेत. आणि फॉरमॅट कमिटमध्ये कुणी हाताने बदल घुसवला असेल तर तो या पायरीवर गुपचूप गळून पडेल. ते कमिट निर्भेळ ठेवायचा आग्रह म्हणूनच.

१३. फॉरमॅट झालं, पण ईएसलिंट हजारो चुका दाखवतंय. सगळ्या सोडवेपर्यंत सीआय लाल ठेवायचं का?

नाही. ईएसलिंट ९.२४ पासून सध्याच्या चुका एका फाइलीत नोंदवून बाजूला ठेवता येतात. ‘सप्रेस-ऑल’ पर्यायाने चालवलं की प्रत्येक फाइलीत कोणत्या नियमाच्या किती चुका आहेत ते ‘ईएसलिंट-सप्रेशन्स’ नावाच्या जेसन फाइलीत लिहिलं जातं. ती फाइल कमिट करा. पुढे त्या संख्येपेक्षा एक जरी चूक वाढली तरी तपासणी नापास होते. चुका कमी झाल्या की नोंद छाटायला सांगितलं जातं, त्यामुळे आकडा खालीच सरकत जातो. एका वेळी एकाच नियमासाठीही हे करता येतं. ही सोय ‘एरर’ पातळीच्या नियमांसाठी आहे, ‘वॉर्निंग’साठी नाही.

पूर्वी यासाठी नियम ‘वॉर्निंग’वर उतरवून ठेवायचे आणि मग ते तसेच विसरले जायचे. आता तसं करायचं कारण उरलेलं नाही.

१४. मोनोरेपोमध्ये (अनेक पॅकेज असलेल्या एकाच रेपोमध्ये) कॉन्फिग किती ठेवायचे?

फॉरमॅटिंगचं एक, मुळाशी. त्यात पॅकेजगणिक फरक ठेवायचं कारण मला आजवर पटलेलं नाही. लिंटिंगमध्ये मात्र फरक रास्त आहे: सर्व्हरच्या कोडला ब्राउझरचे ग्लोबल (सगळीकडे आपोआप उपलब्ध असलेली नावं) नकोत, कंपोनंटच्या पॅकेजला सुलभतेचे नियम हवेत. त्यासाठी सामायिक नियम एका अंतर्गत पॅकेजमध्ये ठेवून प्रत्येकाने ते आयात करावेत.

शोधाची पद्धत टूलगणिक वेगळी असते, तिथे फसगत होते. प्रीटिअर फाइलीच्या जागेपासून वर जात सापडेल ते पहिलं कॉन्फिग घेतं आणि वरचं त्यात मिसळत नाही. एडिटरकॉन्फिग ‘रूट’ लिहिलेली फाइल मिळेपर्यंत वरच्या सगळ्या फाइली मिसळत जातं. ईएसलिंट ९ आज्ञा जिथून दिली तिथून शोध सुरू करतं, म्हणून मुळाशी आणि पॅकेजमध्ये चालवल्यावर निकाल वेगळा येऊ शकतो. बायोम २ मध्ये पॅकेजचं कॉन्फिग मुळाच्या कॉन्फिगवर आधारता येतं, पण ते स्पष्टपणे लिहावं लागतं.

१५. फॉरमॅटरमुळे पानाचं वागणं बिघडू शकतं का?

जावास्क्रिप्टमध्ये जवळजवळ नाहीच. एचटीएमएलमध्ये मात्र दोन टॅगमधली जागा पानावर दिसते. दोन बटणांमध्ये स्पेस आली की फट पडते. म्हणून प्रीटिअर डिफॉल्टने प्रत्येक टॅगचा सीएसएसमधला मूळ प्रकार बघून, जिथे जागेला अर्थ आहे तिथे टॅगचा शेवटचा कोनी कंस पुढच्या ओळीवर ढकलतं. ते दिसायला विचित्र वाटतं, पण पान सुरक्षित राहतं. कुरूप दिसतं म्हणून ‘इग्नोर’ करण्याआधी पानं डोळ्यांखालून घाला.

मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटच्या दोन स्पेस म्हणजे ओळ मोडण्याची खूण. एडिटरकॉन्फिगमध्ये शेवटच्या स्पेस काढायचं सांगितलं असेल तर मार्कडाउनला अपवाद करा.

खरी जोखीम इम्पोर्टचा क्रम लावण्यात आहे. जे इम्पोर्ट काही नाव आणत नाहीत, केवळ परिणामासाठी असतात (सीएसएसच्या फाइली, जुन्या ब्राउझरची उणीव भरून काढणारे पॉलिफिल), त्यांचा क्रम बदलला तर शैली एकमेकींवर उलट चढतात. प्रीटिअर स्वतः इम्पोर्टचा क्रम लावत नाही. बायोम अशा इम्पोर्टना ओलांडून क्रम बदलत नाही. तिसऱ्याच एखाद्या प्लगइनने हे करत असाल तर त्याचं वागणं आधी पारखून घ्या.

१६. नियम बंद करणाऱ्या कॉमेंट कधी चालतात?

कारण लिहिलं असेल तर. बायोम कारणाशिवाय अशी कॉमेंट मान्यच करत नाही. ईएसलिंटमध्ये दोन आडव्या रेघांनंतर कारण लिहिता येतं, आणि ते सक्तीचं करणारं प्लगइनही मिळतं. बंद करताना नियमाचं नाव द्या आणि फक्त पुढच्या ओळीपुरतं करा. फाइलीच्या माथ्यावर सगळेच नियम बंद करणारी ओळ रिव्ह्यूमध्ये थांबवावी. ईएसलिंट ९ गरज संपलेल्या कॉमेंटबद्दल आपणहून इशारा देतं.

‘प्रीटिअर-इग्नोर’ मला एकाच ठिकाणी मनापासून पटतं: संख्यांचा मॅट्रिक्स किंवा तक्ता, जिथे स्तंभांची मांडणीच वाचकाला अर्थ सांगते.

यंत्राने निर्माण केलेल्या फाइलींसाठी कॉमेंट नको. त्या दुर्लक्षित यादीत टाका. प्रीटिअर ३ गिटइग्नोरमधल्या फाइली आपोआप वगळतं. ईएसलिंट ९ मध्ये जुनी ‘.ईएसलिंटइग्नोर’ फाइल चालत नाही, ती यादी कॉन्फिगमध्येच लिहावी लागते.

१७. टाइपची माहिती लागणारे नियम फार हळू चालतात. बंद करू का?

सगळे नको. ‘नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस’सारखा नियम राहून गेलेलं ‘अवेट’ पकडतो, आणि ती चूक चाचण्यांतूनही निसटते. हा नियम थोडा वेळ खाल्ला तरी ठेवावा. हळूपणाचं कारण असं की टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटला (ईएसलिंटला टाइपस्क्रिप्ट समजावणाऱ्या जोडटूलला) आधी पूर्ण प्रकल्पाचे टाइप उभे करावे लागतात. आवृत्ती ८ मधली ‘प्रोजेक्ट सर्व्हिस’ वापरा, जावास्क्रिप्टच्या फाइलींवर हे नियम बंद ठेवा, आणि हुकमध्ये न चालवता फक्त एडिटर आणि सीआयवर चालवा.

बायोम २ ने टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरशिवाय टाइप ओळखणारे नियम आणले आहेत. ते वेगवान आहेत, पण प्रत्येक प्रकरण पकडतीलच असं नाही. पैशांचे किंवा डेटाबेसचे व्यवहार करणाऱ्या कोडवर मी अजून टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटच ठेवतो.

१८. फॉरमॅटरची नवी मोठी आवृत्ती आली की पुन्हा सगळा कोड बदलतो. दर वेळी हे सगळं करायचं का?

हो, पण पहिल्या खेपेइतकं जड जात नाही. प्रीटिअर २ ने २०२० मध्ये आणि प्रीटिअर ३ ने २०२३ मध्ये शेवटच्या स्वल्पविरामाचं डिफॉल्ट बदललं, आणि जवळजवळ प्रत्येक फाइल हलली. अशा वेळी दोन वाटा असतात. जुनं डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहून कोड तसाच ठेवायचा, किंवा नवं स्वीकारून प्रश्न ११ मधलं दुसरं कमिट पुन्हा करायचं आणि त्याचा हॅश त्याच फाइलीत जोडायचा. मी दुसरी वाट घेतो. जुनी डिफॉल्ट जपत गेलं की चार वर्षांत कॉन्फिग अशा ओळींनी भरतं ज्यांचं कारण कुणालाच आठवत नाही.

आवृत्ती आपोआप वाढवणारा बॉट असेल तर फॉरमॅटरला त्याच्या सरसकट गटातून वगळा. तो बदल स्वतंत्र पुल रिक्वेस्ट म्हणून येऊ द्या आणि उघड्या ब्रँच कमीत कमी असतील असा दिवस बघून मर्ज करा.